ठाणे–नवी मुंबईहून सायकलने: उल्हास, पाताळगंगा आणि तानसाच्या काठाकाठाने

ठाण्याहून सायकल काढून हिरवळीत पोचायचं म्हटलं की पहिले वीस किलोमीटर नकोसे होतात. माजिवड्यावरून भिवंडीकडे वळलात तर कंटेनर, मुंब्रा बायपास धरलात तर ट्रकांची रांग, घोडबंदरला गेलात तर गायमुखचा घाट आणि बारमाही खोदकाम. नवी मुंबईकरांचं थोडं बरं, पण शिळफाटा आणि कळंबोली त्यांनाही चुकत नाहीत. दमून, धूळ खाऊन कल्याणच्या पुढे पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि जे बघायला निघालो ते बघायची हौस उरत नाही.

म्हणून इथल्या भटकंतीचं गणित दोन गोष्टींवर बसवायचं: लोकल आणि नदी. शहराचा नकोसा भाग लोकलने ओलांडायचा आणि पुढे नदीच्या खोऱ्यातला रस्ता धरायचा. कल्याण ते कर्जत रेल्वे उल्हासच्या खोऱ्यातूनच जाते. कर्जत स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटर उंचीवर आहे. दोन्ही बाजूंना सह्याद्रीचे कडे उभे, पण चाकाखालचा रस्ता जवळपास सपाट, अशी सोय फार कमी शहरांच्या नशिबी असते. घरापासून घरापर्यंत सायकल मारली नाही तर ती राइडच नाही, असं मानणारे बरेच आहेत. त्यांना हा लेख पटणार नाही.

कधी निघायचं

सर्वात चांगला काळ सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरमध्ये भात पिवळं पडायला लागतं आणि कर्जत-मुरबाडकडच्या खाचरांना जो रंग चढतो तो बघण्यासारखा असतो. मात्र ऑक्टोबरचं ऊन फसवं. सकाळी गारवा असतो आणि साडेदहानंतर डोकं तापतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उल्हासच्या काठाला दाट धुकं साचतं. पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे लावल्याशिवाय निघू नका. मार्चनंतर जायचंच असेल तर नऊच्या आत राइड संपवता आली पाहिजे.

पावसाळ्याचा मोह सगळ्यांना होतो. जा, पण खोऱ्यातली नदी किती वेगाने चढते याचा अंदाज ठेवून जा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली. लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. रेल्वेच्या भरावाची ही गत, तर गावरस्त्यावरच्या ठेंगण्या पुलांचं काय सांगावं! नेरळ–कळंब रस्त्यावरचा दहिवलीचा पूल, टिटवाळ्याजवळचा काळूवरचा रुंद्याचा पूल, कल्याण–मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल हे मोठ्या पावसात पाण्याखाली जाणारे पूल. पुलावरून घोट्याएवढं पाणी वाहत असेल तरी सायकल उलटी फिरवायची. गावचा माणूस बैल घेऊन पार झाला म्हणून आपणही जावं असं नाही; पुलाला कठडा कुठपर्यंत आहे हे त्याला डोळे मिटून ठाऊक असतं. जुलै-ऑगस्टमध्ये गाढेश्वरचं धरण, खारघरचा पांडवकडा धबधबा अशा ठिकाणी प्रशासन बंदी घालतं, तेही आधी बघून घ्या.

वाऱ्याचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. दुपारी अकरा-बारानंतर समुद्राकडून खारे वारे आत शिरतात. सकाळी पूर्वेकडे गेलेला माणूस दुपारी पश्चिमेकडे घरी परतत असतो, म्हणजे दमलेल्या पायांनी समोरून वारा खात. त्यामुळे पहाटेच्या लोकलने दूरचं टोक गाठायचं, दुपारच्या आत राइड संपेल असा मार्ग आखायचा आणि परतीलाही गाडीच धरायची. हा क्रम अंगवळणी पडला की दिवस वाया जात नाही.

लोकलमध्ये सायकल

साधी सायकल मालडब्यातून न्यायची आणि तिकीट खिडकीवर तिचं लगेज तिकीट मागायचं. खिडकीवरचा माणूस कधी कधी गोंधळतो; तेवढी पाच मिनिटं हाताशी ठेवा. घडीची सायकल पिशवीत घालून नेली तर कटकट कमी.

पहाटे साडेपाचच्या आधीची कर्जत किंवा कसारा गाडी धरा. त्या वेळी गर्दी मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांना असते, तुमच्या गाडीचा मालडबा बऱ्यापैकी मोकळा असतो. डब्यात चढल्यावर सायकल दरवाजापासून लांब, भिंतीला टेकवायची, हँडल आडवं फिरवायचं आणि मागचं ब्रेक लिव्हर रबराने किंवा जुन्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधायचं. एवढं केलं की गाडी हलताना सायकल सरकत नाही आणि शेजारच्या भाजीच्या गोणीवर पडत नाही. मालडब्यातली मंडळी पोटापाण्यासाठी प्रवास करतात. जागा आधी त्यांची.

परतीचं बघताना रविवारचा मेगाब्लॉक विसरू नका. तो साधारण सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो. कुठल्या मार्गावर आहे हे शनिवारी कळतं. रविवारी संध्याकाळी कर्जतहून येणाऱ्या गाड्या सहलीच्या लोकांनी भरलेल्या असतात, त्यात सायकल घालणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. एकच्या आसपासची गाडी मिळाली तर उत्तम. शनिवारी जाता आलं तर त्याहून उत्तम.

सायकल आणि सामान

गिअरची हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल, पुरेशी आहे. टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास हवेत. बारीक टायरची रोड बाइक या रस्त्यांवर चालते, पण काँक्रीटच्या सांध्यांवर आणि गावातल्या पेव्हर ब्लॉकवर हाडं खिळखिळी होतात.

इकडचं पंक्चर बहुतेक वेळा काट्याने होत नाही. ट्रकचे टायर फुटून रस्त्याच्या कडेला त्यांच्या चिंध्या पडतात. त्यातली केसाएवढी पोलादी तार टायरमध्ये घुसते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. तार असेल तिथे फडकं अडकतं. बोट फिरवलंत तर बोटात जाईल, आणि काहीच न फिरवता ट्यूब घातलीत तर अर्ध्या तासात तेच पंक्चर पुन्हा काढाल. ती तार नुसत्या नखाने निघत नाही, छोटा चिमटा जवळ ठेवा.

गावोगावी पंक्चरवाला असतो, पण त्याचं सगळं काम मोटरसायकलच्या व्हॉल्व्हवर चालतं. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर बरोबर ठेवा, म्हणजे त्याचा कॉम्प्रेसर तुम्हालाही चालेल. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, चेन जोडायची कडी आणि साखळी तोडायचं हत्यार एवढं हवंच. मुरबाड किंवा कशेळ्याला गिअरची वायर मिळत नाही. ती ठाण्यातूनच न्यायची.

पाणी दोन लिटर, मीठ-साखरेची पाकिटं, थोडे सुटे पैसे. मोबाइलवर पैसे सगळीकडे चालतात म्हणतात, पण खोऱ्याच्या आतल्या अंगाला रेंजच नसते तिथे टपरीवाली बाई काय करणार? नकाशा आधीच उतरवून ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

लांबच्या राइडआधी पाय आजमावायला ठाणेकरांना येऊरचा चढ आणि नवी मुंबईकरांना पाम बीच रोड पुरेसा आहे. येऊरला वनखात्याच्या गेटच्या वेळा पाळाव्या लागतात. पाम बीचला पहाटेच जा, उजाडल्यावर तिथल्या गाड्यांचा वेग सायकलवाल्याच्या सोयीचा राहत नाही. थंडी सरता सरता गेलात तर नेरूळच्या बाजूला खाडीत रोहित पक्षी दिसतात, तेवढा एक थांबा घ्या.

पहिला मार्ग: नेरळ–कळंब–कशेळे–आंबिवली–कर्जत

कोणी एकच मार्ग विचारला तर मी हाच सांगेन. अंतर साधारण ५५ ते ६० किलोमीटर, चढ किरकोळ, दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन.

नेरळला उतरून पोहे-चहा स्टेशनजवळच उरका. माथेरानकडे जाणाऱ्या टॅक्सीच्या गर्दीकडे पाठ करून रुळांच्या पूर्वेला या आणि कळंबचा रस्ता धरा. थोड्याच वेळात दहिवलीला उल्हास लागते. एप्रिलमध्ये आलात तरी नदीला वाहतं पाणी दिसेल, आणि ज्यांनी कोकणातल्या उन्हाळ्यातल्या कोरड्या नद्या पाहिल्यात त्यांना नवल वाटेल. हे पाणी घाटावरचं आहे. मावळात आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीचं धरण आहे. त्याचं पाणी कड्यावरून नळांनी खाली भिवपुरीच्या टाटा वीजगृहात पडतं आणि वीज काढून झाली की पेज नदीतून उल्हासला मिळतं. हे वीजगृह १९२२ पासूनचं. बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या नळाला उन्हाळ्यात येणाऱ्या पाण्यात या सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा असतो. तुम्ही ज्या काठाने सायकल मारताय तो तुमच्या घरच्या पाण्याचा रस्ता आहे म्हणा ना.

नकाशा बघताना एक घोळ होतो. वीजगृहाचं भिवपुरी गाव कर्जतच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि भिवपुरी रोड हे स्टेशन नेरळ-कर्जतच्या मध्ये. दोन्हींत बरंच अंतर आहे. कोणी ‘भिवपुरीला भेटू’ म्हणालं तर कुठल्या ते विचारून घ्या.

पोशीर मागे टाकून कळंब येतं. इथून डावीकडे म्हशाकडे आणि पुढे मुरबाडला रस्ता जातो. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार असतो. त्या दिवसांत या रस्त्यावर टेंपो आणि बैलांची इतकी दाटी असते की सायकल हातात धरून चालावं लागतं. यात्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी. आपण उजवीकडे कशेळ्याकडे वळायचं. हा शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली महामार्गाचा भाग, त्यामुळे रुंद आहे आणि डंपर वेगात येतात. पांढऱ्या पट्टीच्या आतच राहा. एकामागे एक चला, गप्पा कशेळ्याच्या नाक्यावर मारा.

कशेळ्याला भजी-पाव खाऊन पाणी भरून घ्या, कारण यापुढे दुकानं विरळ. नाक्यावरून आंबिवलीचा फाटा घ्या; जाऊन-येऊन वीस-चोवीस किलोमीटर पडतात आणि सगळ्या दिवसाचं सोनं इथेच होतं. समोर कोतळीगडाचा सुळका दिसायला लागतो. खाचरं, मधूनच ठाकरवाडी, बांधावर सागाची रांग. आंबिवली गावाजवळ, रस्त्यापासून थोडं खाली चिल्हार नदीच्या काठाला बौद्ध लेणी आहेत. बरेच ट्रेकर गडाकडे बघत सरळ निघून जातात आणि ही चुकवतात. सायकल कुलूप लावून वर ठेवा. खांबांच्या ओसरीतून आत मोठं दालन, कडेने खोल्या आणि बाहेर लगेच नदीचं पात्र. आत दिवा लावून बसलेलं कोणी असेल तर चपला काढून जा. ओसरीच्या दगडावर बसून डबा खायला याच्यापेक्षा बरी जागा या खोऱ्यात मला माहीत नाही. कागद, पिशवी परत आणायची हे सांगायला लागू नये.

त्याच वाटेने कशेळे, मग कडाव, मग कर्जत. कडावनंतर ऊन आणि रहदारी दोन्ही वाढतात, म्हणून आंबिवलीहून साडेदहाला तरी निघा. कर्जतला स्टेशनाबाहेरचा वडापाव सगळ्यांना माहीत आहेच.

हातात दुसरा दिवस असेल तर कशेळ्याहून खांडसला जा. भीमाशंकरच्या गणेश घाटाचा आणि शिडी घाटाचा पायथा तिथे आहे. सायकल तिथेच थांबते.

दुसरा मार्ग: बदलापूर–बारवी–मुरबाड–टिटवाळा

साधारण ५० किलोमीटर, पण पहिल्यापेक्षा दमवणारा. बदलापूर पश्चिमेला उतरा, उल्हासचा पूल ओलांडा आणि मुळगावकडून बारवी धरणाचा रस्ता धरा. एमआयडीसीचं हे धरण ठाणे जिल्ह्यातल्या निम्म्या शहरांची तहान भागवतं. भिंतीवर जाऊ देत नाहीत. पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका, रस्त्यावरून जलाशय जितका दिसतो तितका पुरे आहे.

धरणापासून मुरबाडपर्यंत जंगलातून चढ-उतार. लहान लहान चढ, पण एकामागे एक, आणि मध्ये टपरी नाही. मोठा गिअर लावून ताकदीने रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय फिरते ठेवा, गुडघे दुवा देतील. एकट्याने जाण्याचा हा रस्ता नव्हे. मुरबाडची एमआयडीसी आली की जंगल संपलं समजा.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणच्या दिशेने महामार्गाने या आणि गोवेलीला उजवीकडे टिटवाळ्याचा फाटा घ्या. गणपतीचं दर्शन आणि मग स्टेशन. संकष्टीला मात्र टिटवाळ्यात सायकल घालू नका.

तिसरा मार्ग: पनवेल–नेरे–गाढेश्वर–धोदाणी

नवी मुंबईकरांसाठी घरचा मार्ग, आणि नवशिक्यांना पहिल्यांदा न्यायला सर्वात सोपा. पनवेलहून सुकापूरमार्गे नेऱ्याला जायचं. सुकापूरपर्यंत रिक्षा आणि बांधकामाचे डंपर आहेत. नेरे सोडलं की गाढी नदीचं खोरं उघडतं. डावी-उजवीकडे चंदेरी, माथेरानचा डोंगर, प्रबळगड आणि त्याला चिकटलेला कलावंतिणीचा सुळका. गाढेश्वरचं धरण पनवेल शहराला पाणी देतं. पुढे धोदाणीपर्यंत रस्ता हळूहळू चढतो आणि माथेरानच्या पायथ्याशी संपतो. जाऊन-येऊन चाळीसच्या आत. येताना उतार असतो, मुलांना बरोबर आणलंत तर त्यांना हा भाग आवडेल. गावात शिरताना मात्र ब्रेकवर हात ठेवायला सांगा, कोंबड्या आणि पोरं दोन्ही अचानक रस्त्यात येतात. कुत्रं मागे लागलं तर जोरात पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, दोन पावलं चाला. ते कंटाळून जातं.

चौथा मार्ग: कर्नाळा–आपटा–रसायनी

पनवेलहून साधारण ५० किलोमीटरचा फेरा. उलटसुलट कुठूनही करता येतो, पण मी सांगतो त्याच दिशेने करा: पनवेल, पळस्पे, शिरढोण, कर्नाळा, आपटा फाटा, आपटा, रसायनी, मोहोपाडा, दांडफाटा, पनवेल. असं गेलं की पळस्पे सोडून महामार्गावरची महत्त्वाची वळणं डावीकडची येतात आणि ट्रकांसमोरून रस्ता ओलांडावा लागत नाही.

मुंबई–गोवा महामार्गाचा तुकडा सकाळी सातच्या आत संपवा. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. चहा घ्यायचा तर तिथेच घ्या, पुढे कर्नाळ्याच्या खिंडीत थांबायला जागा नाही. खिंड उतरली की आपटा फाटा, आणि तिथून एकदम शांत. पाताळगंगेच्या खोऱ्यातली भातशेती, कोकण रेल्वेकडे जाणाऱ्या मार्गावरचं टुमदार आपटा स्टेशन. पाताळगंगाही बारमाही आहे आणि कारणही उल्हाससारखंच: खोपोलीच्या वीजगृहातून, जे १९१५ पासून चालू आहे, घाटावरचं पाणी तिच्यात येतं. रसायनीच्या कारखान्यांचा पट्टा भरभर पार करा, तिथे बघण्यासारखं काही नाही आणि हवाही बरी नसते. दांडफाट्याहून जुना मुंबई–पुणे रस्ता धरायचा. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे. शेडुंगजवळ फलक नीट वाचा, तिथे चुकून वर चढणारे असतात. अटल सेतूही सायकलला बंद.

दोन दिवस असतील तर: तानसा खोरं

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. नकाशावर ठाण्याहून भिवंडी आणि अंबाडीमार्गे हे सर्वात जवळ दिसतं. तरी भिवंडी–वाडा रस्त्याने जाऊ नका. खड्डे आणि अवजड वाहनं यांची जोडी सायकलवाल्याला तिथे सुखाने जगू देत नाही. विरारला उतरा, शिरसाडला महामार्ग ओलांडा आणि पारोळचा रस्ता धरा. तीसेक किलोमीटर, तुंगारेश्वरचा डोंगर उजव्या हाताला आणि पुढे तानसेचं खोरं.

वज्रेश्वरीचं देऊळ वसईच्या मोहिमेशी जोडलेलं आहे. चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई पडल्यावर देऊळ उभं राहिलं. किल्ल्यासारख्या दगडी पायऱ्या चढून वर जावं लागतं. सायकलचे क्लीट (पेडलमध्ये अडकणारी तळाची पट्टी) असलेले बूट त्यावर घसरतात, खालीच काढा. अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. दिवसभर सायकल मारल्यावर पाय त्यात सोडणं हा या मार्गाचा खरा मोबदला. पण आधी पाण्याला हात लावून बघा, काही कुंडांचं पाणी फारच कढत असतं. आणि राइडनंतर लगेच उतरू नका. अर्धा तास बसा, लिंबू सरबत प्या, मग जा, नाहीतर चक्कर येते.

मुक्काम गणेशपुरीला करा, नित्यानंद स्वामींच्या समाधीमुळे राहायची-जेवायची सोय साधी पण भरवशाची आहे. शनिवार-रविवार आणि गुरुपौर्णिमेला आधी फोन करून जागा पक्की करा, आणि सायकल रात्री आत ठेवू देतील का हेही त्याच फोनवर विचारा. दुसऱ्या दिवशी सातच्या आत निघून त्याच वाटेने विरार. तिथून दादरला बदलून ठाणे गाठता येतं. वसई रोडहून दिव्याकडे जाणारी गाडीही आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच, तेव्हा वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा.